शिवकांता, लग्नात, १३५०

सोमवार, ६ जानेवारी १९४१

पितळ पुन्हा चढलं! लढाई विलायतेत आणि महाग आमच्या घागरी. सोलापूरच्या आडत्याचं कार्ड आलंय—जुन्या भावानं माल हवा असेल तर पंधरा दिवसांत उचला. उचलतो. पण उचलून उमरग्यापर्यंत आणायचा कसा?

सगळा खर्च परत मांडून पाहिला. गाडीभाडं कमी होत नाही. हमाल ऐकत नाहीत. तिकडं इंग्रजांचा कलदार रुपया, इकडं निजाम सरकारचा हाली—बदलताना वटाव जातो तो वेगळाच. आणि वर सरहद्दीच्या नाक्यावरची करोडगिरी! बाहेरून येणाऱ्या मालावर शेकडा पाच. रस्ता एकच. बैलांना कळतसुद्धा नाही एक राज्य कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं. भुर्दंड मात्र मला.

समोरचं दुकान तीच घागर चार आण्यांनी स्वस्त देतं. त्यांना कसं परवडतं देव जाणे. आप्पा गेल्यापासून तीन वर्षांत आपली गिऱ्हाइकं त्या बाजूला सरकत चाललीत. अव्वा आज पुन्हा म्हणाली, ‘शिवकांताला सतरावं सरतंय. दुकानाचं बघतोस, बहिणीचं कवा बघणार?’ दुकान चाललं तरच बहिणीचं होईल ना! पण हे अव्वाला कोण समजावणार.

गुरुवार, ९ जानेवारी

गोरोबा गाडीवाला सहज बोलून गेला. त्याच्या पाहुण्यांनी मागच्या साली लग्नाची भांडी सोलापुरातून आणली. ‘नाक्यावर छदाम द्यावा लागला न्हाय, मालक. भांड्यावर पोरीचं नाव घातल्यालं व्हतं. मुन्शी म्हनला, घरचं सामान हाय, जाऊ द्या.’

तो बोलून बैल सोडायला गेला. मी तिथंच उभा. नाव घातलेलं भांडं विकाऊ नसतं असं सगळेच धरून चालतात. मीसुद्धा. दुकानातल्या भांड्यावर कधी नाव असतं का? नाव पडलं की ते घरचं झालं.

शुक्रवार, १७ जानेवारी. सोलापूर

झालं. अठ्ठावन्न नग घेतले—घागरी, तांबे, पातेली, बाकी वाट्या. कासार गल्लीच्या तोंडाशी नावं कोरून देणारा एक म्हातारा बसतो. अक्षराला एक पैसा. वेलांटी, काना, अनुस्वार फुकट. म्हणून छोटं नाव बरं. वाटेत दोन-चार खोटी नावं मनात घोळवली होती, पण नाक्यावर मुलीचं नाव-नातं लिहून द्यावं लागतं असं गोरोबा म्हणाला. खोटं नाव सांगताना माझी जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. खरं नाव असलं की बाकीचं खोटं सहज बोलता येतं.

तर—शिवकांता. चार अक्षरं. ‘लग्नात’—तीन. मग चालू साल, निजामाच्या फसली सनाचं—१३५०. आकड्यांचे पैसे देणार नाही म्हणालो. म्हातारा हसला, ‘बहिणीच्या लग्नात घासाघीस करता व्हय शेट?’ पण आकडे फुकट घातले. चौसष्ट पैशांच्या रुपयानं, वरचे सहा पैसे सोडून, एकूण सव्वासहा रुपये. करोडगिरी वीस झाली असती. पावणेचौदा वाचले!

त्यानं पहिल्या तांब्यावर छिन्नी टेकवली. शि. व. कां. ता. तिचं नाव असं कुठं लिहिलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. ती शाळेत गेली नाही, तिच्या नावावर कुठं काही नाही. सुरेख दिसत होतं. मी नजर फिरवली आणि वाट्या मोजायला लागलो.

रविवार, १९ जानेवारी

नाका ओलांडला.

मुन्शी म्हातारा आहे. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. शिपायानं गोणपाट उचकटलं, भांड्यावरचं नाव वाचून दाखवलं. मुन्शीनं विचारलं, ‘किसकी शादी है सेठ?’ बहिणीची. ‘बाप हैं?’ नाहीत. ‘तो फिर तुमीच बाप. बहन बोले तो बेटीच.’ कागदावर लिहिलं—घरचं सामान. सही केली. जा म्हणाला.

गाडी हलली तोच मागून हाक.  म्हातारा स्वतः चालत आला, खिशातून एक रुपया काढला. ‘बच्ची के हाथ पे रखना. बोलना, नाके का बुड्ढा दिया.’

घेतला मी. घेतला नाही तर संशय येईल असं वाटलं—नाही, इथं तरी खरं लिहितो. तसलं काही वाटलं नाही. हात आपोआप पुढं झाला.

मंगळवार, २१ जानेवारी

रुपया देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवला. कुणाचा म्हणून सांगितलं नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

नाव घालताना जेवढी अक्कल चालली तेवढी पुढचा विचार करताना चालली असती तर! उमरग्यात ही भांडी विकता येत नाहीत. शिवकांता कोण हे गल्लीला माहीत आहे. नाव घासून काढायचं तर नगामागं आणा मागतात, आणि घासल्या जागी खळगा पडतो—गिऱ्हाईक म्हणणार, जुनं भांडं नवं म्हणून विकता.

म्हणून माल गोरोबाच्याच गोठ्यात उतरवलाय. तो गाडी घेऊन मुरूम, लोहारा, नळदुर्गच्या बाजारांना जातो. तिथं विकायचा, त्याला नगामागं काही द्यायचं. ‘लोक इचारतील, हे नाव कुनाचं? काय सांगू?’ म्हणाला. मी सांगितलं—सांग, एका चांगल्या घरचं लग्न ठरून मोडलं. भांडी विकायला काढलीत.

हे वाक्य माझं आहे. गोरोबाचं नाही.

शनिवार, २५ जानेवारी

एक वाटी थैलीत राहिली होती. गंगम्माच्या हाती लागली. तिला वाचता येत नाही, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येतो. सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, पावणेचौदा रुपये वाचले ऐकून खूश होईल. तिनं वाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ‘वन्संचं नाव तुमी बाजारात मांडलं?’

मी म्हणालो, धंद्यातलं तुला कळत नाही. वाटी तिनं पिठाच्या डब्यात खाली घातली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुसरी खेप. चव्वेचाळीस नग. तेच नाव, तेच सन. म्हातारा मुन्शी म्हणाला, ‘अभी और बर्तन? बड़ी शादी दिखती सेठ. तारीख कब की?’ फाल्गुनातली, म्हणालो. ‘हमकू बुलाना.’ हौ म्हणालो.

उतरल्यावर गोरोबानं आधीच्या बाजारांचा हिशोब दिला. लोक नाव बघून भाव पाडतात! मोडलेल्या लग्नाचं भांडं अपशकुनी. जे नाक्यावर वाचवलं ते बाजारात गेलं. म्हणजे एवढं करून हातात जवळजवळ काहीच नाही. आणि हे कळण्याआधी मी दुसरी खेप करून मोकळा झालो होतो!

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ईरण्णामामा आले. शिवरात्रीला मुरूमच्या वीरभद्रप्पांची गाठ पडली म्हणे. सरकीचा व्यापार, आपल्याच समाजातलं तोलामोलाचं घर. मुलगा बसवराज—शांत आहे, पेढीवर बसतो. त्यांनीच शिवकांताबद्दल विचारलं. ‘शांतलिंगा, दारी चालून आलंय,’ मामा म्हणाले. अव्वानं डोळ्याला पदर लावला.

मुरूम! मी फक्त मान हलवत होतो. ज्या गावांना माझी भांडी जातात, आमच्या मुलीही त्याच गावांना जातात. दुसरीकडं कुठं जाणार? एवढं साधं मला सुचलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

बघून गेले. पसंत आहे. वीरभद्रप्पांनी तिला एकच विचारलं, ‘बाळ, ज्वारीची भाकर किती मोठी थापतीस?’ तिनं दोन्ही हातांनी दाखवली. सगळे हसले. जाताना म्हणाले, ‘एकदा आमचं घर बघून जावा, मग पुढचं बोलू.’

शिवकांता दिवसभर उगाच इकडून तिकडं करत होती. आज तिनं माझं पागोटं न सांगता धुऊन वाळत घातलं. पुढचे काही दिवस तरी नीट जावेत एवढंच मागतो.

मंगळवार, १८ मार्च

मुरूमला जाऊन आलो, मामा आणि मी. लिहायलाही हात होत नाही, पण लिहितो.

मोठं घर, सारवलेली ओसरी, वीरभद्रप्पा आणि त्यांचे दोघे भाऊबंद बसलेले. ‘शरणार्थी’ म्हणून नमस्कार झाले. थोरल्या सुनेनं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. नवा तांब्या. चकचकीत घासलेला. नाव माझ्याकडं करून.

मी झटकन उचलला. नावावर तळवा दाबला. प्यायलो. मामा शेजारून म्हणाले, ‘इकडं दे की.’ मी थांबा म्हणालो आणि पीत राहिलो. पूर्ण तांब्या संपवला! मामा बघतच राहिले. ‘लई तहान लागली व्हय रं?’ रिकामा तांब्या मी मांडीशी धरून बसलो. सोडवेना. सून पुन्हा भरायला न्यायला आली तर मी म्हणालो राहू द्या. मानपान, बस्ता, तिथी—मामाच बोलत होते. मी हो हो म्हणत होतो. उठताना तांब्या नावाची बाजू भिंतीकडं करून ठेवला.

वर पाहिलं तर वीरभद्रप्पा माझ्या हाताकडं बघत होते.

बुधवार, १९ मार्च

जेवलो नाही. गंगम्मानं विचारलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

मामा आले ते दारातूनच ओरडत. मुरूमकरांनी नाही म्हणून सांगितलं. का? तर म्हणे, मुलीचं ह्याच सालात एकीकडं ठरून मोडलं, भांड्यांवर नावं पडली होती, ती भांडी बाजारात फुंकली आणि आमच्यापासून दडवून ठेवलं. ‘म्हणत्यात, तुमच्या भाच्यानं तो तांब्या असा झाकून धरला नसता तर आमचं ध्यानच गेलं नसतं. घरात महिनाभर व्हता, कुनी वाचला नव्हता.’

म्हणजे मीच दाखवला. झाकून दाखवला.

मामा मला म्हणाले, ‘साफ खोटं बोलत्यात की नाय ते? तू बोल की, शांतलिंगा!’ मी काय बोललो? म्हणालो—लोकांची तोंडं कोण धरणार. मामांनी मुरूमकरांना आणखी शिव्या दिल्या. अव्वा भिंतीला टेकून रडत राहिली, पोरीच्या नशिबाला बोल लावत. नशिबाला! आणि मी तिथं उभा राहून ते ऐकून घेतलं.

शिवकांता चुलीपासून उठून आली. रडत नव्हती. ‘अण्णा, माझं कवा ठरलं होतं?’

कधीच नाही, म्हणालो.

‘मग ते असं का म्हणत्यात?’

मी चपला शोधू लागलो. ती कळशी घेऊन आडावर गेली.

शुक्रवार, २८ मार्च

आडावर बायका तिला विचारतात. गंगम्मानं सांगितलं. कुठलं ग स्थळ होतं, का मोडलं, त्याला काय खोड होती का तुला. आता गंगम्मा पाणी आणते. शिवकांता घरातच.

गंगम्मा म्हणाली, ‘वीस रुपये वाचवायला निघाला व्हता न्हवं. वाचले?’ ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. साधं विचारल्यासारखं विचारलं.

गुरुवार, ३ एप्रिल

गेले पाच दिवस गोरोबाबरोबर बाजार आणि खेडी पालथी घालतोय. भांडी परत विकत घ्यायची! एकशे दोनपैकी एकोणीस मिळाली. बाकीची कुठं गेली गोरोबाला आठवत नाही. एकानं दीडपट मागितले, दिले. एका घरी वाट्या वाजवून दाखवल्या आणि विचारलं, ‘का हो, लगीन पुन्हा जुळलं व्हय?’

आज लोहाऱ्याजवळ नागूबाई म्हणून म्हातारी. धनगराचं घर, मेंढरांच्या वाड्याशेजारी झोपडी. घागर तिच्याकडं होती. दुप्पट देतो म्हणालो. ती घागर पोटाशी धरून बसली.

‘न्हाय द्यायची. हेनं नाव सांगितलंय मला, शिवकांता.’ गोरोबाकडं बोट केलं. ‘रोज पानी भरताना त्या लेकीचं नाव घेते. म्हनते, बाई, तुजं मोडलं तसं कुनाचं मोडू नये. लवकर जुळू दे तुजं. घागर दिली तर ध्यानात कशी ऱ्हाईल ती?’ मग माझ्याकडं नीट पाहून विचारलं, ‘कोन हाय ती तुमची?’

मी म्हणालो—कुणी नाही.

गोरोबानं मान खाली घातली.  आजवर पुष्कळ खोटं बोललो असेन, नाक्यावर, बाजारात, मामांपुढं. पण हे दोन शब्द तोंडातून गेले तेव्हा मला स्वतःची किळस आली. कुणी विचारत नव्हतं, कुठली करोडगिरी लागणार नव्हती. तरी मी म्हणालो.

बुधवार, ९ एप्रिल

मुरूमला एकटाच गेलो. वीरभद्रप्पांना सगळं सांगितलं. पेढीवर, बसवराजसमोर. अक्षराला पैसा, आकडे फुकट, मुन्शी, गोरोबाला शिकवलेलं वाक्य, सगळं.

वीरभद्रप्पांनी पुढ्यातली वही मिटली. शेवटी विचारलं, ‘किती वाचले?’

पहिल्या खेपेला पावणेचौदा. दुसऱ्या खेपेचे धरून पंचवीसच्या आत-बाहेर. तेही बाजारात गेले.

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. ‘आमी बी यापारी हाव. नाका आमाला बी बोचतो. सरकीची पोती मोजताना आमच्या बी हातून कवा-कवा चूक होती. पर घरची लेक कुनी गाडीत भरीत न्हाय, शांतलिंगप्पा.’

बसवराज पेढीच्या कडेला बसून दोरा गुंडाळत होता. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

मग म्हणाले, ‘माझा इस्वास बसला. पोरीत खोट न्हाय. पर माझी भावकी मोठी हाय. भाऊ बहिणीसाठी काय बी बोलंल, असं म्हनतील. तोंडी सांगून भागायचं न्हाय. नाक्यावर जावा, कबूल व्हा, त्या मालाची करोडगिरी भरा. सरकारी पावती आना. ती भांडी यापाराची व्हती, लग्नाची न्हवती, असा कागद दाखवा. मग मी चौघांपुढं बोलतो.’

जी पावती चुकवायला हे सगळं केलं, तीच आता बहिणीची अब्रू राखणार.

शनिवार, १२ एप्रिल

जावं की न जावं. दंड लागेल, तो सोसवेल. गावात नाव जाईल, तेही मेलं जाऊ दे. मुन्शीचं काय? त्याच्या सहीनं माल सुटलाय. त्याला तोंड कसं दाखवू?

दुपारी शिवकांता सुपात डाळ पाखडत बसली होती. पूर्वी पाखडताना कानडीत काहीबाही गुणगुणायची. आता नुसता सुपाचा आवाज. जातो.

सोमवार, १४ एप्रिल

लांबूनच ओळखलं मुन्शीनं. ‘आओ सेठ! हो गई शादी? हमकू बुलाए नहीं!’ मोडक्या काडीला आता नवा दोरा होता.

सांगितलं. उभ्यानंच. एकदा सुरू केल्यावर थांबलो नाही.

त्यानं चष्मा काढला. पुसत राहिला. ‘मैं लिख के दिया था, घर का सामान. मेरी दस्तखत है उस पे.’ मी म्हणालो, दंड जो होईल तो भरतो. तो माझ्याकडं बघत होता, पण ऐकत नव्हता. ‘पेन्शन को दो बरस थे. अब ऊपर जवाब देना पड़ेगा.’

मनात असतं तर त्यानं मला हाकलून दिलं असतं. कागद दाबून टाकता आला असता, कुणाला कळलं नसतं. मी तसं सुचवलंही! लाज इतकी खाली घसरते. त्यानं हात हलवून मला गप्प केलं. दौत ओढली, जुनं बाड काढलं, दोन्ही खेपांच्या तारखा शोधल्या, दुप्पट दंड लावला आणि लिहायला बसला. कुठल्या मालाची पावती ते कळायला निशाणी लिहावी लागते म्हणाला. ‘नाम क्या था? शिवकांता.’ तेही लिहिलं. 

कोनाड्यातला रुपया सोबत नेला होता. पुढं केला. बघितलाही नाही त्यानं. ‘वो बच्ची का है. तुम्हारा देने का नहीं.’

परत आणलाय. शिवकांताला कुठल्या तोंडानं देऊ? देताना काय सांगू?

गुरुवार, १७ एप्रिल

मुरूमकर येतो म्हणाले. बसव जयंतीला निश्चय करू. अव्वानं घर सारवायला काढलं. तिला एवढंच सांगितलंय की गैरसमज दूर झाला.

मंगळवार, २९ एप्रिल

निश्चय झाला. जमलं सगळं. तरी मला कसं वाटतंय ते लिहितो.

मुरूमहून पंधरा-सोळा माणसं आली. आमच्या ओसरीवर सतरंजी घातली, जंगमस्वामी आले, विडे मांडले. कुंकू लावायच्या आधी वीरभद्रप्पा म्हणाले, आधी कागद वाचा, म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको. पावती उर्दूत. त्यांनी सोबत आणलेले शाळेचे मास्तर उठून उभे राहिले आणि मोठ्यानं वाचून मराठीत सांगू लागले. माल—पितळी भांडी. नग—एकशे दोन. विक्रीसाठी आणलेला, घरचं सामान असं खोटं सांगून सोडवलेला. मालावरची निशाणी—शिवकांता. महसूल दंडासह वसूल. आता मालाबद्दल कसलीही तक्रार नाही.

भाऊबंदांपैकी कुणीतरी मागून म्हणालं, ‘चला! माल सुटला!’

सगळी ओसरी हसली. वीरभद्रप्पा हसले, मामा हसले, जंगमस्वामीही हसले. इतक्या दिवसांचा ताण होता, तो सुटला एकदम. मीही हसलो. मोठ्यानं हसलो, मांडीवर थाप मारून. त्या क्षणी खरंच हलकं वाटलं मला—लपवायला काही उरलं नाही म्हणून.

हसत हसत वळलो तर आतल्या दाराशी शिवकांता. नवं लुगडं, हातात विड्याचं तबक. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. पहिल्यापासून, बहुतेक. गंगम्मा तिच्या मागं, हात तिच्या पाठीवर.

तबक हललं नाही. ती शांतपणे बाहेर आली, सगळ्यांच्या पाया पडली. त्यांच्या बायकांनी कुंकू लावलं, ओटी भरली, साखर वाटली. ज्येष्ठातली तिथी धरली. माझ्या पाया पडताना खाली वाकली तेव्हा मी आशीर्वादाला हात वर केला. 

अव्वा आनंदानं दमून गेलीय. वीरभद्रप्पा जाताना म्हणाले, ‘पावती जपून ठेवा.’

बुधवार, ३० एप्रिल

सकाळी शिवकांता दुकानात आली. याआधी कधी आली नव्हती. खाली बघून नाही, माझ्याकडं बघून बोलली. ‘अण्णा, म्या जाते त्या घरी. पर पंचमीला मला न्यायला येऊ नका. दिवाळीला बी नगं. मुराळी धाडला तर म्या रिकामा माघारी धाडीन.’

अव्वाला अजून सांगितलेलं नाही.